पावसाळा संपला की काडतुसाची पितळी पुंगळी तडकायलीय, चेंबरमध्ये अडकायलीय: कारण काय आणि करायचं काय

दरवर्षी दसऱ्याच्या आसपास हाच प्रश्न येतो. शेतरक्षणाचा परवाना असलेले लोक असू द्या नाहीतर नेमबाजीच्या रेंजवर येणारी पोरं, सगळ्यांची तक्रार एकच, की पुंगळीला तोंडाजवळ उभी चीर पडायलीय, कधी कधी पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, घट्ट बसून निघंना गेलीय, आणि काहींचं तर काडतूस डब्यातून काढतानाच तडकलेलं दिसलंय, बार न होता. मग एक तर डीलरला शिव्या, नाहीतर बंदूक जुनी झाली म्हणून मिस्त्रीकडं खेटे. दोन्हीचा उपयोग होत नाही कारण बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो, दोष असतो काडतूस घरात कुठं ठेवलं याचा.

मी वाळूजला प्रेस शॉपच्या टूलरूममध्ये काम केलंय, पितळेचे कप ओढायचं काम, म्हणजे डीप ड्रॉइंग, त्यामुळं पितळ कसं वागतं ते हातानं बघितलंय. पुंगळी पण तशीच बनते. पितळ असतं ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, त्याची चकती कापायची, तिचा कप करायचा, तो कप टप्प्याटप्प्यानं ओढत लांब करायचा, आणि मधी मधी भट्टीत घालून मऊ करायचा कारण ओढलं की पितळ कडक होतं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की आधी कडक लागते आणि मग तुटते, तसंच हे. पुंगळीचं बुड मुद्दाम कडक ठेवतात कारण सगळा दाब तिथं येतो, आणि तोंड शेवटी परत मऊ करतात म्हणजे बार झाला की ते फुगून चेंबरला चिकटावं, गॅस मागं येऊ नये, आणि दाब उतरला की परत थोडं आकसून सुटावं. काही रायफलच्या काडतुसांच्या मानेवर निळसर तपकिरी पट्टा दिसतो तो डाग नाही, तो हीच भट्टी दिल्याची खूण, तो बघून काडतूस जुनं किंवा खराब म्हणून बाजूला काढू नका.

आता मुख्य गोष्ट. ओढलेल्या पितळेत ताण राहिलेला असतो, तयार झाल्यावर पण, आणि त्यात तोंडामध्ये गोळी घट्ट बसवलेली असते म्हणजे तिथं तर कायमच आतून बाहेर दाब. असं ताणातलं पितळ ओलसर हवेत अमोनियाच्या जवळ आलं की आपोआप तडकतं. कोणी दाबलं नाही, पाडलं नाही, बार केला नाही, तरी. आमच्याकडं स्टोअरच्या भिंतीपलीकडं अमोनिया वापरून नकाशांच्या प्रती काढायचं जुनं मशीन होतं आणि त्या भिंतीला लागून ठेवलेल्या रॅकवरचेच कप फुटायचे, तपासून पास केलेले कप, बाकी रॅकवरचे जसेच्या तसे. रॅक हलवला, प्रकार बंद झाला.

ही गोष्ट आजची नाही बरं का. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची, आणि फक्त पावसाळ्यातच म्हणून त्याला त्यांनी मोसमी तडा असंच नाव दिलं, सीझन क्रॅकिंग. काडतुसं ठेवलेली असायची घोड्यांच्या पागेत, तिथं लीद आणि मूत, त्यातून अमोनिया, वरून पावसाची ओल. घोडदळाच्या छावण्या तर तेव्हा आपल्याकडं पण होत्या, हिंगोलीला, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला. कारण नीट उलगडून सांगितलं ते मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी, तेही १९२१ मध्ये, की तीन गोष्टी एकत्र लागतात: पितळेतला ताण, अमोनिया आणि ओल. यातली एक काढली तरी चीर पडत नाही.

आता आपल्या घरात बघा. पागा नाही पण गोठा आहे. माळवदाचं घर असेल तर ढाळजेच्या एका अंगाला जनावरं आणि दुसऱ्या अंगाला खोली, त्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटात काडतुसं. आणि जून लागला की त्याच खोलीत युरियाची पोती थप्पीला लागतात, कारण बाहेर भिजतील. युरिया कोरडा असताना फारसा त्रास देत नाही, पण पोतं फुटलं, खाली सांडलं, जमिनीच्या ओलीत आणि मातीत मिसळलं की त्यातून अमोनिया सुटतो, खोली उघडली की डोळ्याला झोंबतो तोच. अमोनियम सल्फेटचं पोतं असेल आणि त्यावर चुना किंवा राख पडली तर अजून जास्त. पोल्ट्री शेडमध्ये रात्री राखण असते म्हणून तिथंच पेटीत काडतुसं ठेवणारे पण आहेत, ती तर सगळ्यात वाईट जागा, कोंबड्यांच्या लिटरचा, म्हणजे खालच्या विष्ठा मिसळलेल्या भुशाचा, वास म्हणजे अमोनियाच.

त्यात निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा होते, आणि ज्यांची काडतुसं घरीच राहतात त्यांच्याकडं ती कुठंतरी कोनाड्यात नाहीतर ट्रंकेत टाकून महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. बंदूक परत आली, डुकरं भुईमुगात, मक्यात शिरायलीत, वनखात्याची परवानगी हातात आहे, आणि डबा उघडला तर हे असं.

म्हणून पहिली तपासणी रिकाम्या पुंगळीची करू नका, न उडवलेल्या काडतुसाची करा. हे मी सगळ्यांना सांगतो कारण रिकामी पुंगळी बघून चीर बाराच्या आधीची का नंतरची हे कळणं अवघड असतं, काजळी सगळीकडं बसलेली असते. त्याच डब्यातली न उडवलेली काडतुसं उजेडात घ्या, भिंग घ्या, घड्याळवाल्याचं असेल तर उत्तम, आणि तोंडाच्या कडेपासून खाली केसासारखी रेघ दिसते का ते बघत एक एक फिरवा. न उडवलेल्यात चीर सापडली तर बंदुकीचा काही संबंध नाही, विषय संपला, जागा बदला. सापडली नाही तर मग बंदुकीकडं वळा.

दुसरी खात्री डब्यावरच्या लॉट नंबरवरून, म्हणजे कारखान्यात एकदम बनलेल्या खेपेच्या नंबरवरून, होते. आमच्या गावात एका तात्यांनी आणि त्यांच्या शेजारच्या दाजींनी .३१५ रायफलची काडतुसं एकाच दुकानातून घेतलेली, डब्यावरचा लॉट एकच. तात्यांची निम्मी तडकली, दाजींची एकही नाही. तात्या म्हणायले माल खराब दिला, अरे पण माल तर तोच आहे ना. तात्यांचं कपाट खताच्या खोलीत होतं आणि दाजींचं वरच्या मजल्यावर. असं कोणी ओळखीचं असेल ज्याच्याकडं तोच लॉट आहे तर नुसतं विचारून घ्या, काडतुसं अदलाबदल करत बसू नका, त्याचा हिशोब परवान्यावर असतो.

तडकलेलं काडतूस उडवलं तर काय होतं हा पुढचा प्रश्न आणि इथं मला कळकळीनं सांगायचंय, कारण लोक म्हणतात की उडतंय ना, मग काय झालं. चीर पडली की तोंडाची पकड जाते, गोळी सैल होते. गोळी आत सरकली तर दाब वाढतो. आणि चिरेतून ओल दारूत गेली तर बार फुसका होतो, गोळी नळीच्या बाहेर न पडता मधेच अडकते, वरून आवाज थोडाफार आलेला असतो म्हणून माणसाला वाटतं बार झाला, तो घाईत दुसरं काडतूस भरतो आणि नळी फाटते. हात, डोळा, शेजारी उभा असलेला माणूस, काहीही जाऊ शकतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का कमी लागला, तर डुक्कर समोर उभं असलं तरी थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघायचं. आणि घोडा ओढला पण काहीच झालं नाही तर लगेच बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, उघडू नका, नळी मोकळ्या दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, कधी कधी बार उशिरा होतो.

बरं, न उडवलेली काडतुसं चांगली निघाली आणि तरी पुंगळ्या फाटायल्यात किंवा अडकायल्यात, तर मग रिकामी पुंगळी वाचायची. म्हणून रेंजवर असो नाहीतर शेतात, पुंगळ्या टाकून येऊ नका, वेचून ठेवा, वेचताना त्यात एखादं न उडालेलं तर नाही ना ते आधी बघा, आणि कोणत्या डब्यातली कोणती हे कागदावर लिहून त्या त्या पिशवीत घाला. नवीन काडतुसं घेताना काही ठिकाणी रिकाम्या पुंगळ्या दाखवायला सांगतात, तेव्हा पण कामाला येतात.

बुडाच्या थोडं वर सगळ्या बाजूनं चमकदार गोल रेघ दिसली तर ती सगळ्यात गंभीर. म्हणजे पुंगळी चेंबरमध्ये मागं पुढं ताणली जातेय, बोल्ट आणि पुंगळीच्या बुडात जागा जास्त पडलीय, आणि एक दिवस पुंगळी तिथून दोन तुकडे होणार, पुढचा तुकडा आत राहणार. आतून बघायचं असेल तर एका बारीक तारेचं टोक वाकवून आतल्या भिंतीवरून फिरवा, त्या जागी खाच लागली तर ती रायफल वापरायची बंद करा आणि परवानाधारक गनस्मिथला दाखवा. यात घरगुती उपाय नाही.

पुंगळीच्या अंगावर उभे ओरखडे असतील, दरवेळी एकाच जागी, तर चेंबरमध्ये गंज बसलाय किंवा आपल्या काळ्या मातीची धूळ जाऊन तेलात चिकटलीय, उन्हाळ्यात उघड्या जीपमधून बंदूक नेली की हे होतंच. चेंबरला ब्रश मारा आणि नंतर तेल पूर्ण पुसून काढा. चेंबरमध्ये तेल राहिलं तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो, बरेच लोक उलटं समजतात की तेल असेल तर पुंगळी सहज निघेल. काडतुसाला तर तेल लावूच नका, पातळ तेल टोपीच्या, म्हणजे बुडातल्या ज्या प्रायमरवर बंदुकीची पिन आपटून बार पेटतो त्याच्या, कडेनं आत झिरपतं आणि मग काडतूस उडत नाही.

टोपीवर पिनचा खड्डा नेहमीपेक्षा उथळ असेल तर स्प्रिंग थकलीय नाहीतर बोल्टच्या आत जुनं तेल गोठलंय, हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत पहाटे पहाटे बार होत नाही त्याचं कारण बहुधा हेच. उलट टोपी अगदी सपाट झालीय किंवा तिला भोक पडलंय तर दाब जास्त, ते काडतूस आणि तो लॉट बाजूला ठेवा. एका बाजूला फुगलेली पुंगळी म्हणजे चेंबर झिजलंय.

.२२ वाल्यांचं थोडं वेगळं आहे. त्यात टोपी नसते, पेटणारा मसाला कडेच्या घडीत असतो आणि पिन त्या कडेवर मारते. रिकाम्या चेंबरवर घोडा ओढत राहायची पोरांना सवय असते, त्यानं काही रायफलींमध्ये पिन सरळ चेंबरच्या कडेवर आपटते, तिथं बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, उठतो आणि पुंगळी अडकायला लागते. काजळी आणि शिशाचं कडं पण साचतं. क्लबच्या रायफलमध्ये पुंगळी अडकायची तक्रार आली की मी आधी बोट न लावता टॉर्च मारून ही कड बघायला सांगतो. बाराबोरच्या काडतुसाची पुंगळी प्लास्टिकची, खालची टोपण पितळेची वाटते पण पुष्कळदा पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड असतं, लोहचुंबक लावून बघा, लोखंड असेल तर त्याला हा तडा जात नाही, पण गंज धरतो.

रंग पण सांगतो. हिरवा थर म्हणजे ओल आणि आम्ल, चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून वर्षभर ठेवणाऱ्यांचं हे नेहमीचं, चामडं कमावताना जे लावतात ते पितळेला खातं. पट्टा नेण्यापुरता वापरा, ठेवायला नाही. गुलाबी तांबूस ठिपके असतील तर जास्त वाईट, तिथलं जस्त निघून गेलंय आणि मागं पोकळ तांबं उरलंय, ते काडतूस वापरू नका. आणि घरात तांब्या पितळेची भांडी चिंच मीठ लावून चमकवतात तशी काडतुसं चमकवायची नाहीत, काही घरांत खंडेनवमीला शस्त्रपूजेच्या आधी हे मनापासून करतात, वरून पूजेचं पाणी, हळद, कुंकू सगळं पडतं. पूजा जरूर करा, आपली पद्धत आहे, पण बंदुकीची करा, काडतुसं कपाटात राहू द्या, नाहीतर मग पूजा झाली की लगेच कोरड्या सुती कापडानं पुसून ठेवा. नळीत चिकटलेलं गोळीचं तांबं काढायच्या काही सॉल्व्हेंटमध्ये आणि काचा पुसायच्या काही लिक्विडमध्ये पण अमोनिया असतो, वास घेतला की कळतं, त्याच कापडानं काडतुसं पुसू नका.

ठेवायची कशी ते सांगतो, काही मोठं नाही. रबरी पॅकिंगचा, झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात मूळ खोक्यासकट काडतुसं, सोबत सिलिका जेलची पिशवी, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून परत निळे करायचे. डबा वरच्या मजल्यावर नाहीतर खत, गोठा, संडास, पोल्ट्री यांच्यापासून लांबच्या खोलीत, कुलुपात, भिंतीला न टेकवता. पत्र्याखाली नको, एप्रिल मे मध्ये आपल्याकडं पत्र्याखाली हात ठेववत नाही. पावसाळा सुरू होताना एकदा आणि पोळ्याच्या आसपास एकदा उघडून भिंग लावून बघा. खत ठेवायला दुसरी जागाच नसेल तर खत हलवायच्या नादी लागू नका, काडतुसं हलवा, ती थोडीच असतात.

आता पुंगळ्या परत भरायचा विषय, कारण हल्ली पोरं व्हिडिओ बघून तेच विचारायलेत. अमेरिकेत लोक रेंजवरच्या पुंगळ्या वेचतात, धुतात, प्रेसमध्ये घालून परत मापात आणतात, नवीन टोपी, दारू, गोळी बसवून परत वापरतात, तिकडं तो घरात करायचा छंद आहे आणि कायद्यानं चालतो. त्यांना पण असाच तडा भेडसावतो, पण त्यांचं कारण बहुतेक दुसरं असतं, प्रत्येक बाराला तोंड फुगतं आणि प्रेसमध्ये परत दाबलं जातं, असं करत करत पितळ कडक होऊन फाटतं, म्हणून ते अधूनमधून पुंगळीची मान तापवून मऊ करतात. ते तापवणं रिकाम्या पुंगळीचं असतं हे व्हिडिओत नीट कळत नाही, भरलेलं काडतूस कधीही, कशावरही तापवायचं नाही, वाळवायला उन्हात ठेवतो म्हणणारे पण बघितलेत मी, ते पण नाही.

आपल्याकडं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणं काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, तुमच्या माझ्या बंदुकीच्या परवान्यात ते येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी आहे. या कायद्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रं सुद्धा दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात, म्हणजे बाहेरून प्रेस मागवली तरी अडचण. गावाकडं जुनी पितळी बाराबोरची काडतुसं भरून देतो म्हणणारा एखादा असतोच, फटाक्याची दारू घालून देतो, त्याच्या नादी कोणी लागू नका. फटाक्याची दारू कशी जळेल, किती दाब करेल याचा काही नेम नसतो, आणि नळी त्या दाबासाठी बनवलेलीच नसते. पैसे वाचतात म्हणून लोक करतात हे मला माहीत आहे, काडतूस महाग झालंय, परवान्यावर मिळणाऱ्या काडतुसांचा कोटा कमी आहे, रान डुकरांनी भरलंय, सगळं खरं आहे. पण कोट्यातली निम्मी काडतुसं खताच्या खोलीत वाया जायलीत ती वाचवली तरी बराच फरक पडतो.

रिकाम्या पुंगळ्या भंगारात द्यायच्या आधी डीलरला किंवा ठाण्यात विचारून घ्या, नोंद झाल्याशिवाय देऊ नका, आणि देताना एक एक बघून द्या, एखादं न उडालेलं भंगारवाल्याच्या भट्टीत गेलं तर तिथल्या माणसाच्या जिवावर बेतेल. लष्कराच्या फायरिंग रेंजच्या हद्दीतलं तर काहीच उचलायचं नाही, पुंगळी दिसली तरी नाही. प्रवासाची बॅग आणि काडतुसाची बॅग वेगळी ठेवा, विसरून राहिलेलं एक काडतूस विमानतळाच्या स्कॅनरमध्ये सापडलं की गुन्हा दाखल होतो, मग मला माहीतच नव्हतं हे कोर्टात सांगत बसावं लागतं.

आणि जी तडकलेली, गुलाबी ठिपक्यांची, गोळी सैल झालेली काडतुसं निघतील ती उडवून संपवू नका, पक्कड लावून उघडू नका, विहिरीत टाकू नका, जाळू तर अजिबातच नका. वेगळ्या डब्यात घालून वर खराब असं लिहा, डीलरकडं किंवा ठाण्यात लेखी अर्ज देऊन जमा करा, अर्जात नग आणि लॉट नंबर टाका, आणि पोच घेऊन परवान्याच्या पुस्तकात ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी काडतुसांचा हिशोब विचारला तर तीच दाखवायची.